तू न प्यायलेलं दूध

अक्का, तू गेलीस यावर माझा लगेच विश्वास बसला नाही. वैद्यबुवांनी तुझा हात खाली ठेवला, भाऊजी भिंतीला डोकं टेकून बसले, बायकांनी गळा काढला, आणि मी मात्र तुझ्या पापण्यांकडे बघत उभी. मला वाटत होतं, ही काहीतरी लपवते आहे. सगळे बाहेर गेले की एक डोळा उघडून विचारेल, गेली का समदी? एका चुलीवर आपण दोघी जावांनी इतकी वर्षं काढली, पण तुझ्या कुठल्या गोष्टीवर मी पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला असं कधी झालं नाही. मग मरणावर तरी का ठेवावा?

मी संशयी आहे हे गावाला ठाऊक आहे. सोलापुरात वाढलेली पोर मी. तिथं दुधात पाणी, तेलात सरकी, आणि गोड बोलण्यात काय असेल ते देव जाणे. आई शिकवायची, वस्तू आधी नाकाला लाव, मग पदरात घे. चार इयत्ता शिकले त्याचा उपयोग एवढाच झाला की संशय नीट शब्दांत मांडता येतो. लग्न होऊन मंद्रूपच्या पलीकडं या गावात आले तेव्हा पहिली काही वर्षं मी तुला तुम्ही म्हणायचे. आपलं पहिलं कडाक्याचं भांडण झालं त्या दिवसापासून तू झालीस. ते भांडण कशावरून झालं होतं ते आठवत नाही, पण त्यानंतर मला या घरात बरं वाटायला लागलं हे आठवतं.

आता मुद्द्याचं बोलते. तू तापानं पडलीस त्याच्या थोडं आधी चंद्री व्याली. नर रेडकू झालं. ते गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेलं आहे, फासळ्या दिसतात, आणि त्याचं काय करायचं ते आता माझ्या गळ्यात पडलं आहे. गोठा तुझ्याकडे होता आणि तू नाहीस. भाऊजी म्हणतात, काय करायचं म्हंजे, दरसाल होतं तेच. दरसाल काय होतं हे त्यांना खरोखर माहीत आहे की नाही, याचासुद्धा मला संशय आहे. म्हणून तुझ्याशी बोलून घेते. तू मध्ये बोलणार नाहीस, हा एक फायदा.

मी या घरात आले तेव्हा आपल्याकडे दूध विकत नसत. दही लागायचं, सकाळी रवी फिरायची, लोण्याचं तूप व्हायचं आणि ताक गावाचं असायचं. कुणीही तांब्या घेऊन यावं आणि ओसरीवरून भरून न्यावं. ताकाला मोल लावणारं घर बुडतं असं तुझ्या सासूबाई, म्हणजे आपल्या, म्हणायच्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर ताक. मला सोलापूरच्या चहाची सवय; पहिल्या आठवड्यात मी ताकाचा वास घेऊन वाटी खाली ठेवली, तर तू हसून म्हणालीस, इख न्हाई घातलं त्यात.

मग सर्व्हिस मोटार सुरू झाली. सोलापूर एका दुपारवर आलं. तिकडं गिरण्यांनी माणसं भरली होती, गल्लोगल्ली चहाची दुकानं निघाली होती, आणि पेढ्याशिवाय कुणाचं काही गोड होत नव्हतं. मुलगा झाला पेढे, नोकरी लागली पेढे, दावा जिंकला पेढे. इतक्या लांबून दूध टिकत नाही, खवा टिकतो. भाऊजींनी परसात भट्टी घातली, मोठी कढई आणली, आणि एकीच्या चार म्हशी झाल्या. डबे मोटारीच्या टपावर चढायला लागले. हलवाई म्हणे तुम्ही खव्यात बटाटा घालता, भाऊजी म्हणत तो वजनात मारतो, आणि मोटारवाला वाटेत डबा उघडतो असं दोघंही म्हणत. माझ्यासारख्या बाईला करमण्याजोगा धंदा होता.

खवा आटवायला जाळ लागतो, आणि तोही मंद आणि लांबवर. पहिल्या वर्षी घरचं सरपण गेलं. दुसऱ्या वर्षापासून बांधावरच्या बाभळी पडायला लागल्या. नंतर शेणही उकिरड्यात जाईना, सगळ्याच्या गोवऱ्या. रान नुसतं मागं राहिलं. शिवारातली आपली काळी किती कसदार होती हे तुलाच जास्त माहीत. ज्वारीचं कणीस हातात मावायचं नाही. भट्टी आल्यावर ज्वारीची ताटं बोटाएवढी बारीक झाली, कडबा कमी झाला, आणि कडबा कमी म्हणून म्हशींना पेंड विकत आणायची वेळ आली. पेंडीसाठी आणखी खवा, आणि खव्यासाठी आणखी जाळ.

तू एकदा जेवताना बोललीस. दूध सोलापूरला गेलं, बाभळी भट्टीत गेल्या, शेण जाळात गेलं, मागं काय ऱ्हायलं? भाऊजी वर बघून म्हणाले, पत्रा ऱ्हायला की. ते खरंच होतं. गळकं माळवद जाऊन डोक्यावर पत्रा आला होता, आणि तो मलाही आवडत होता. तू पुढं काही बोलली नाहीस, आणि मी मनात नोंद केली की ही गप्प बसली म्हणजे काहीतरी करणार.

चंद्रीची पहिली वीण आठवते ना? तेव्हाही नर रेडकू. वगार झाली तर तिला सडाला सोडायचं, कारण उद्या ती म्हैस होणार. नराचा काय उपयोग? आपल्या रानाला बैल लागतात, रेडा नाही. त्यामुळे नराला पान्हा सुटेपर्यंत तोंड लावू द्यायचं, की लगेच ओढून कोपऱ्यात बांधायचं. मारायचं नाही. छे, आपण लिंगायत. आपल्या उंबऱ्यात अंडं फुटत नाही. फक्त पाजायचं नाही. ते आठवडाभर हंबरतं, मग हंबरायचं थांबतं. सगळ्या गावात हेच चालतं, आणि कुणी त्याला नाव ठेवलेलं नाही, म्हणून मीही कधी ठेवलं नव्हतं.

त्या वेळी मी पहिल्या चिकाचा खरवस केला होता. वेलदोडा घालून, वड्या पाडून. तुझ्यापुढं ताटली ठेवली. त्याच वेळी गोठ्यातून ते ओरडलं. तू ताटली सरकवलीस आणि म्हणालीस, "ब्याड." रागावलीस की तू कानडीत शिरायचीस. नको म्हणाली असतीस तर मी आग्रह केला असता. ब्याड म्हणालीस म्हटल्यावर मी ताटली उचलली. त्या दिवसापासून तू दुधाला शिवली नाहीस. ना दूध, ना दही, ना तूप, ना माझा चहा. पूजेचं तीर्थसुद्धा पाण्याचं घ्यायचीस.

मी काय काय संशय घेतले म्हणून सांगू! आधी वाटलं, मी खरवसात काही घातलं असं हिला वाटतंय. मग वाटलं, नवस आहे. मूलबाळ झालं नव्हतं तुला, तेव्हा हे सोपं स्पष्टीकरण होतं. मग वाटलं, धर्माचा डौल मिरवतेय, अय्यांच्या पुढं मोठेपणा. मठातले अय्या आले की तुझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, वैराग्य बघा. तू तेव्हा मान खाली घालायचीस, आणि मला वाटायचं, लाजत नाही ही, हसते आहे.

ते रेडकू मेलं. कातडं भुसा भरून आणलं. आटलेल्या म्हशीचा पान्हा सुटावा म्हणून सगळे करतात तसं चंद्रीपुढं उभं केलं, वर मिठाचं पाणी शिंपडलं. धरायचं काम तुझं होतं. दोन दिवस चंद्रीनं चाटलं. तिसऱ्या दिवशी चाटता चाटता थांबली, नाक फुरफुरवलं, भुसा भरलेल्या पोटाला शिंग लावून ढकललं आणि आपल्या दोघींकडं पाळीपाळीनं बघितलं. म्हशीच्या तोंडावर काय दिसतं म्हणतात, पण मला दिसलं. संशय मला ओळखू येतो. तू ते भरलेलं रेडकू खाली ठेवलंस आणि पदरानं हात पुसत बसलीस, खूप वेळ.

पुढच्या विणीपासून गोष्टी बदलल्या. पुन्हा नर झालं आणि एकदम चरवीत दूध कमी भरायला लागलं. चंद्रीच्या कासेत दूध दिसतं आणि चरवीत येत नाही! मी वास घेतला, पाणी नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी तूच चोरून पितेस, असं मला पक्कं वाटलं. लोकांपुढं वैराग्य आणि गोठ्यात चरवी तोंडाला. मी तुझ्या मागं मागं राहायला लागले. तुझ्या ओठावर कधी पांढरी रेघ दिसली नाही. मग एका दुपारी तू सांगितलंस, रेडकू मेलं, ओढून टाकलं. भाऊजी म्हणाले, बरं. मी पाणंदीच्या टोकाला जाऊन आभाळाकडं बघत उभी राहिले. मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं येतात. त्या दिवशी एकही आलं नाही.

मी त्या वर्षी काही बोलले नाही. पुरावा कच्चा होता.

त्याच उन्हाळ्यात माझ्या शांताचं पोट बिघडलं. पाण्याशिवाय काही टिकेना. वैद्यबुवा म्हणाले, ताक द्या, पातळ, सारखं सारखं द्या. अक्का, चार म्हशींचं घर, आणि घरात ताकाचा थेंब नाही! सगळं दूध कढईत. गावात कुणाकडं मागावं, तर जे आपल्या ओसरीवरून तांब्या भरून न्यायचे तेच आता आपलं बघून खवा आटवत होते. मी ओसरीवर पोर मांडीवर घेऊन रडत बसले. तू तांब्या उचललास आणि उन्हात गेलीस. परत आलीस ती भरलेला तांब्या घेऊन. मी वास घेतला. म्हशीचं नव्हतं. कुठनं आणलंस विचारलं तर म्हणालीस, पाज आदी, मग इचार. रोज आणलंस. पोरगी उठून बसली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, मी तर ताक बघून तुझ्या पायांकडं बघायचे, धूळ कुठल्या वाटेची आहे. शांता आता भाकऱ्या थापते. तिला थोरली आई, म्हणजे तू, का हवी असायचीस आणि आई का नको असते, हे मला कळतं.

चंद्री तिसऱ्यांदा व्याली तेव्हा मी तयारीत होते. पुन्हा नर. भर दुपारी सगळे आडवे झाले असताना तू रेडकू पुढं घालून निघालीस आणि मी तुझ्या मागनं. तू वळून बघितलं नाहीस, आणि ते तर मला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटलं.

तू गेलीस ती खालच्या रानात. ज्वारी निघाली की दरसाल तिथं मेंढरं बसतात. शेण जाळात गेल्यापासून रानाला जे काय खत मिळतं ते या मेंढरांचं. धनगर रातभर कळप बसवतात आणि आपण त्यांना ज्वारी देतो. त्या धनगरांतली म्हाकूबाई पालाबाहेर बसली होती. तिच्या शेळ्या ज्या बाभळींच्या शेंगांवर जगायच्या त्या बाभळी आपल्याच भट्टीत गेलेल्या, तरी तुला बघून ती उठून पुढं आली. तिनं रेडकाच्या तोंडात बोट घातलं, त्याची पाठ चाचपली, आणि एक शेळी ओढून आणली. रेडकू गुडघे मोडून तिला लुचायला लागलं. पालाच्या तोंडाशी आपला तांब्या होता. शांताच्या ताकाचा.

मी पुढं झाले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती मी बोललेच. खाटकाला विकतेस ना ही रेडकं? या बाईच्या हातानं?

"इकलं न्हाई. दिलं."

तू दचकलीसुद्धा नाहीस. मी विचारलं, मोठी झाल्यावर काय होतं यांचं? म्हाकूबाई शेळीच्या मागं सरकली. तू रेडकाकडं बघत राहिलीस. मी पुन्हा विचारलं. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, आपल्या घरात जनावर मेलं तर मरू देतात, मारायला देत नाहीत. मरू देणं आणि मारणं यात फरक आहे.

"फरक हाय की," तू म्हणालीस. "कुणाला? रेडकाला?"

मी चिडून घरी निघून आले. वाटेत चांगली चांगली उत्तरं सुचली. ती सगळी अजून माझ्याकडं आहेत आणि ऐकायला तू नाहीस.

मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अय्यांनी आपल्या घरचं पाणी सोडलं असतं, भाऊजींनी तुला माहेरी धाडलं असतं. पण सांगणार नाही, असंही मी तुला कळू दिलं नाही. त्याचा मला आज पस्तावा वगैरे होत नाही. तूही मला कुठं काय कळू देत होतीस? त्यानंतर आपण दोघी गोठ्यात समोरासमोर आलो की चरवीबद्दल बोलायचो, पेंडीबद्दल बोलायचो, आणि तेवढी एक गोष्ट सोडून सगळ्याबद्दल भांडायचो. दूध कमी भरलं की भाऊजी माझ्यावर ओरडायचे, चहाबाज सोलापूरवाली म्हणून. तू पुढं होऊन म्हणायचीस, तिला काय बोलता, म्हस चोरते दूध. तू माझी बाजू घेतेस की आपली कातडी वाचवतेस, हे मी दर वेळी तपासत राहिले. कधी समजलं नाही. पण तू पुढं व्हायचीस हे मात्र खरं, अक्का, आणि दुसरं कोणी होत नव्हतं.

या खेपेला तू गोठ्यात जाऊ शकली नाहीस. ताप डोक्यात गेला होता. मी कपाळावर पट्टी ठेवत होते तर तू डोळे उघडून विचारलंस, "रेडकू हाय का?" मला वाटलं, मरताना पण हिला म्हाकूबाईचीच काळजी. मी एवढंच म्हणाले, आहे. तू आणखी काहीतरी ऐकायची वाट बघत होतीस. मीही बघत होते. मग भाऊजी आत आले.

तुला आपल्या चालीप्रमाणं बसवून पुरलं. कपाळाला भस्म, हातात लिंग. तू बसलेली होतीस म्हणून मला आणखीच वाटलं की हिचं ऐकू येणं चालू आहे. मग दूध-तुपाचा दिवस आला. मातीवर घरच्या प्रत्येकानं दूध आणि तूप वाहायचं. दूध कुणाचं, तर चंद्रीचं. कोपऱ्यातल्या त्या रेडकाच्या तोंडचं काढलेलं. भाऊजींनी वाहिलं, आमच्या ह्यांनी वाहिलं, शांता रडत रडत वाहून मागं सरकली. माझी पाळी आली आणि हात पुढं होईना. जिनं इतकी वर्षं थेंब तोंडात घेतला नाही तिच्या डोक्यावर वाटी ओतायची? मला स्पष्ट वाटलं, मातीतून आवाज येईल, ब्याड. अय्या म्हणाले, वाहा बाई, जीव तृप्त होऊ द्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, जावाजावांचं वैर म्हणून. मी ओतलं. माती काळी झाली आणि दूध आत गेलं. मला फार लाज वाटली, आणि तुझी फार आठवण आली, एकदमच.

म्हाकूबाई लांब बांधावर उभी होती. सगळे घराकडं वळल्यावर मी तिच्याकडं गेले. ती निघायच्या बेतात होती. मी कशाला येतेय याचा तिला भरवसा नव्हता, आणि असणार कसा? मी तिला विचारलं, अक्कानं दिलेल्या रेडकांचं पुढं काय झालं. ती म्हणाली, कशाला इचारता आता, मेलेल्या माणसाची चौकशी? मी म्हटलं, कोपऱ्यात एक आहे अजून. तेव्हा ती बसली.

पहिलं जगलं आणि जवळच्या गावात चुन्याच्या घाणीला लागलं, अजून फिरतंय म्हणाली. दुसरं, मी मागं मागं गेले होते ते, चांगलं दांडगं झालं, इतकं की जत्रेच्या मानकऱ्यांची नजर गेली. देवीला गेलं. हे सांगताना ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी विचारलं, अक्काला माहीत होतं?

"तिला सांगिटलं की. आमी त्या वाटणीत न्हाई बसत, पर तिनं इचारलं, कुनी मांस टाकून दिलं का. म्हनलं, न्हाई, समद्यांनी पोटभर खाल्लं. मंग बरं म्हनली. आन पालामागं जाऊन रडली."

अक्का, ते तोंड! ज्या तोंडानं तू कांदा चिरताना शिवशिव म्हणायचीस त्यात तो शब्द! मी बांधावरच बसले. मला वाटलं होतं, तुला पुढचं माहीत नसेल. भोळी, दयाळू, शेळीला लुचणारं रेडकू बघून खूश होणारी. किंवा मला वाटलं होतं, तुला सगळं माहीत असून तू निर्ढावलेली आहेस. हे दोन्ही संशय मी आलटून पालटून बाळगले. तू माहीत असून रडत असशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतका संशय घेऊन काय मिळवलं मी, जे खरं होतं तेवढंच निसटलं.

तरी तुझं मला पटलेलं नाही, हे ऐकून ठेव. देवीपुढं सुरीखाली गेलेलं जनावर बघून मंग बरं म्हणणं माझ्यानं होणार नाही. पण आपल्या कोपऱ्यात फासळ्या मोजत मरणारं जनावर बघून खरवसाच्या वड्या पाडणंही आता होणार नाही. सोलापुरात माझ्या माहेरी कुणाच्या बारशाला पेढा वाटतील, तो तोंडात घालणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. त्याला बाभळ दिसणार नाही, आपलं बारीक झालेलं कणीस दिसणार नाही, ही दोरी दिसणार नाही. त्याला गोड लागेल. लागू दे. मला दिसतंय त्याचं काय करू, ते सांग.

घरी आले, लुगडं बदललं आणि गोठ्यात गेले. संध्याकाळच्या धारेची वेळ होती. भाऊजी, आमचे हे, शांता, सगळे अंगणात होते. मला तुझ्यासारखं चोरून करता आलं नसतं. चोरून करायला समोरच्यावर थोडा विश्वास लागतो. मी रेडकाचं दावं सोडलं. ते आधी माझ्याकडं बघत राहिलं, जागचं हलेना. मग मी त्याला चंद्रीखाली ढकललं. चंद्रीनं मान वळवून त्याचा शेपटीपर्यंत वास घेतला, सावकाश, खात्री होईपर्यंत, आणि चाटायला लागली.

मी मोठ्यानं सांगितलं, हे पिणार. भाऊजी उठून दारात आले. पान्हा सुटलाय, वढा आता, म्हणाले. मी म्हटलं, पोट भरल्यावर आपण होऊन बाजूला होईल. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तुझं वारं लागलंय मला, असं त्यांच्या मनात आलं असणार. आरडाओरडा करतील वाटलं होतं, पण तुझं नाव घरात अजून ताजं आहे. ते उंबऱ्यावर बसले, गुडघ्याला मिठी घालून, आणि दमलेल्या आवाजात विचारलं, आन मोठं झाल्यावर?

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. रेडकाची शेपटी हलत होती, फेस खाली गळत होता, चरवी कोरडी होती. शांता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आणि मी, अक्का, ते पिताना बघत राहिले.